लेकीने माझ्या फोनवरून गेममध्ये २,३९७ रुपये भरले. परत मिळतील का? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

विट्याची शिवणवाली

नमस्कार. मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे परकर-पोलके. फोन एकच आणि सगळं त्याच्यावरच चालतं. गिऱ्हाईक बाया गळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, शिलाई क्यूआरवर येते, अस्तरवाल्याचे आणि धाग्याचे पैसेही त्यातूनच जातात. लेक दुसरीत आहे, सात वर्षांची. तिच्या शाळेचा ग्रुपसुद्धा ह्याच फोनवर. त्यामुळे "फोन कपाटात ठेवून कुलूप लावा" असं कृपया सांगू नका. ते घरात दोघांनी सांगून झालंय.

काल शनिवारी दुपारी एका लग्नाचे ब्लाउज घेऊन मशीनवर बसले होते. लेक पलंगावर बाहुलीला सजवायचा गेम खेळत होती. संध्याकाळी अस्तरवाल्याला पैसे पाठवायला गेले तर खात्यात पुरेसे पैसेच नाहीत. मेसेज वर सरकवत गेले. दुपारी ३.१२ ला ७९९, ३.१५ ला ७९९, ३.२१ ला पुन्हा ७९९. मशीनच्या आवाजात एकही मेसेज ऐकू आला नव्हता. हे पैसे माझे नव्हतेच, नवरीच्या आईने दिलेली आगाऊ रक्कम होती.

लेकीला विचारलं. ती घाबरलीही नाही. म्हणाली, "आई, बाहुलीचे हिरे संपले. मग ते आकडे टाकायचं आलं. मी टाकले."

पिन तिला मीच शिकवलाय. माझे दोन्ही हात कापडात असतात, पायाखाली मशीन चालू असते, दारात धागेवाला उभा असतो. मग मी तिला म्हणायचे, "टाक गं पिन, तुला माहितीये ना." गेल्या दिवाळीपासून हे चाललंय. ती टाकायची, टिंग वाजायचं, मी शाबास म्हणायचे. तिच्या लेखी पिन टाकणं म्हणजे आईला सुईत दोरा ओवून देण्यासारखं एक काम. काल तिने तेच केलं.

सासूबाई म्हणतात दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. मी हात उचलला नाही आणि उचलणारही नाही. पण रात्रभर झोप लागली नाही. मला तीन गोष्टी सांगा. पैसे परत मिळतात का? बँकेत जाऊन काय बोलू? आणि फोन तिच्या हातात राहील, पण पैशाचं दार बंद राहील, असं काही करता येतं का?

---

कराडचा मोबाईलवाला

ताई, आधी पैशाचं बघा, बाकी सगळं नंतर वाचा. वेळ महत्त्वाची आहे. प्ले स्टोअरवरून घेतलेल्या गोष्टीचा परतावा मागायचा तर पहिल्या ४८ तासांत मागणं सगळ्यात सोपं पडतं. तुमचे उद्या दुपारी ३ ला संपतात. आत्ताच करा.

ज्या ईमेलवर फोन चालतो तो उघडा. गूगल प्लेच्या तीन पावत्या आल्या असतील, प्रत्येकीवर एक ऑर्डर क्रमांक आहे. मग ब्राउझरमध्ये गूगल प्ले उघडून त्याच खात्याने आत जा, ऑर्डरच्या इतिहासात तिन्ही दिसतील. प्रत्येकीसाठी वेगळा अर्ज करायचा. कारण विचारतात, तिथे घरच्या मुलाकडून चुकून खरेदी झाली हा पर्याय असतो, तोच निवडा आणि खरं तेच लिहा. तोपर्यंत ते हिरे वापरू देऊ नका आणि गेम काढूनही टाकू नका.

आता दाराचं. माझ्या दुकानात महिन्यातून चार-पाच आया तरी हेच गाऱ्हाणं घेऊन येतात, म्हणून क्रम ठरलेला आहे.

सगळ्यात आधी यूपीआय पिन बदला. हे आजच, आणि लेक झोपल्यावर. नवा पिन जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नको, मुलं ते ओळखतात. फोन उघडायचा आकडा आणि पैशाचा पिन एकच असेल तर तोही वेगळा करा. निम्म्या घरांत हे दोन्ही एकच असतात.

दुसरं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बोटांचे ठसे बघा. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, त्यांच्या फोनमध्ये चार ठसे निघाले आणि त्यातला एक मुलाचा. लाडाने टाकून दिला होता, "त्याला उघडता यावा म्हणून". पण फोनला जो ठसा ओळखीचा, तो प्ले स्टोअरलाही चालतो आणि आता काही पेमेंट ॲपलाही चालतो. मुलाचा ठसा असेल तर काढा.

तिसरं, प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमचा गोल फोटो आहे तो दाबा, सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय शोधा. फोनप्रमाणे नाव थोडं इकडचं तिकडे असतं. तिथे "प्रत्येक वेळी" निवडा. बऱ्याच जणांचं "दर ३० मिनिटांनी" असतं. म्हणजे तुम्ही एकदा पासवर्ड टाकून काही घेतलं की पुढचा अर्धा तास दार उघडंच. त्याच गोल फोटोखाली, पण सेटिंग्जच्या बाहेर, पैसे भरण्याच्या पद्धतींचा वेगळा भाग आहे. जोडलेलं कार्ड, यूपीआय, पोस्टपेड बिलात लावायची सोय, जे जे असेल ते काढा. गिफ्ट कोडने भरलेली शिल्लक पडून असेल तर तिला ना ओटीपी लागतो ना यूपीआय पिन, हे लक्षात असू द्या.

चौथं मला सगळ्यात आवडतं आणि लोकांना ते माहीतच नसतं. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ॲप पिन करायची सोय असते. इथे पिन म्हणजे आकडा नव्हे, एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवणं. ती चालू करा, आणि "सोडवताना लॉक विचारा" हेही चालू करा. मग बाहुलीचा गेम उघडायचा, तो पिन करायचा आणि फोन तिच्या हातात द्यायचा. तिला त्या गेमबाहेर जाता येत नाही. व्हॉट्सॲप नाही, पेमेंट ॲप नाही. गेमच्या आतली खरेदी मात्र ह्याने थांबत नाही, म्हणून आधीची तिन्ही कामं करायचीच. तुम्ही शांतपणे बाही लावा.

---

निवृत्त बँकवाला

कराडच्या दादांनी बरंचसं सांगितलं आहे. मी बँकेपुरतं बोलतो, कारण काउंटरच्या आत बसून अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

ताई, बँकेत जाऊन "माझी फसवणूक झाली" असं म्हणू नका. रागाच्या भरात लोक म्हणतात, कोणीतरी तसं सुचवतंही. पण व्यवहार तुमच्या फोनवरून, तुमच्या पिनने झालेला आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, ग्राहकाची जबाबदारी किती ह्याबद्दल. तिसऱ्याच कोणी घोटाळा केला आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. मात्र पिन ग्राहकानेच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. घरातलं मूलही त्यात आलंच. १९३० हा क्रमांकसुद्धा सायबर फसवणुकीसाठी आहे. तुमच्याकडे फसवणूक झालेली नाही, तिथे फोन करून खऱ्या फसलेल्याची वेळ घालवू नका.

तुमचा रस्ता परताव्याचा अर्ज हाच. तो नाकारला गेला आणि तुम्हाला अन्याय वाटला तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. कोणी तुम्हाला १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ दाखवेल, अल्पवयीनाने केलेला करार कायद्याने चालत नाही म्हणून. ते खरं आहे. पण इथे खातं तुमचं, पिन तुमचा. त्या वादावर फार भिस्त ठेवू नका.

आता माझा खरा सल्ला. तुमचं धंद्याचं खातं आणि फोनवरून खर्च करायचं खातं एकच आहे, ते वेगळं करा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत नाहीतर दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडा. गिऱ्हाइकांचा क्यूआर त्या खात्याचा लावा आणि पैसे पाठवण्यासाठी फोनमध्ये मुख्य म्हणून हे जुनं खातं राहू द्या, ज्यात आठवड्याला लागतील तेवढेच हजार-दीड हजार टाकायचे. चूक झालीच तर आगाऊ रकमेला हात लागत नाही. माझ्या सुनेने असंच केलं आहे.

आणि दोन गोष्टी आजच तपासा. पेमेंट ॲपमध्ये यूपीआय लाईट चालू आहे का? त्यात पिन लागतच नाही, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत जातात आणि ५,००० पर्यंत शिल्लक ठेवता येते. रिक्षा-भाजीला फार सोयीचं, पण मूल फोन हाताळत असेल तर बंद करा, शिल्लक खात्यात परत येते. दुसरं, ऑटोपे नावाचा भाग उघडा. "सात दिवस फुकट" म्हणून एखादी वर्गणी सुरू झाली असेल तर तिथे दिसेल. ॲप फोनमधून काढलं म्हणजे वर्गणी थांबते असा पुष्कळांचा समज असतो. थांबत नाही. मंजुरी एकदाच दिलेली असते, पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर महिन्याला न विचारता जाऊ शकते. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती वाचत चला.

---

डोंबिवलीकर बाबा

पिन बदलला, ठसा काढला, तरी एक दार उघडं राहतं आणि त्यातून आमच्याकडे चार खोकी आली. कॅश ऑन डिलिव्हरी. तिथे पिन नाही, ओटीपी नाही, काहीच नाही. पत्ता आधीच भरलेला असतो. मुलगा आठ वर्षांचा. रिमोटच्या गाडीचं चित्र दिसलं, पिवळं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तीन दिवसांनी दारात माणूस उभा, १,१४० रुपये द्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरा.

मी परत पाठवलं, त्यात पैसे गेले नाहीत. पण तो डिलिव्हरीवाला मुलगा भर पावसात तिसऱ्या मजल्यावर चढून आला होता, लिफ्ट बंद होती. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्याला चहा दिला. काय बोलावं ते सुचेना.

तेव्हापासून खरेदीच्या ॲपमधून मी दरवेळी लॉग आउट होतो. फोनमध्ये ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर तीही वापरा. दहा मिनिटांत किराणा आणून देणारी ॲप तर आधी. तिथे मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

---

न्यू जर्सीतली आई

मूळची सांगलीची, म्हणून विटा वाचून थांबले. ताई, तुमच्याकडे पिनचा पडदा तरी मध्ये येतो. इकडे कार्ड एकदा फोनमध्ये घातलं की ओटीपी वगैरे काही नाही, पासवर्ड किंवा चेहरा दाखवला की झालं. पूर्वी तेही धड नव्हतं. एकदा पासवर्ड टाकला की पंधरा मिनिटं मुलं हवं ते घेत सुटायची. २०१४ मध्ये इथल्या सरकारी व्यापार आयोगाने ॲपलकडून ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायला लावले आणि त्याच वर्षी गूगलकडून किमान १ कोटी ९० लाख. कारण हेच, पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय मुलांची खरेदी. म्हणून लेकीकडे वाकड्या नजरेने बघू नका. मोठमोठ्या देशांतली लाखो घरं ह्यातून गेली आहेत.

कोणाकडे आयफोन असेल तर स्क्रीन टाईममध्ये जाऊन ॲपमधली खरेदी "परवानगी नाही" करून टाका. मुलाचं वेगळं खातं कुटुंबात जोडलं तर "आधी विचारा" अशी सोय आहे, तो काही घ्यायला गेला की माझ्या फोनवर विचारणा येते. अँड्रॉइडला फॅमिली लिंकमध्ये तेच आहे. पण मुलाचं खातं वेगळं असेल तरच. आईच्याच खात्यावर मूल खेळत असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

---

साताऱ्याचा काका

एवढा उपद्व्याप कशाला? सात वर्षांच्या पोरीच्या हातात फोन द्यायचाच कशाला? आमच्या वेळी सागरगोटे होते.

---

जि. प. शाळेतल्या बाई

काका, त्यांनी पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. शाळेचा गृहपाठ आम्हीच फोनवर पाठवतो, तो सागरगोट्यांवर येत नाही. एकट्या हाताने शिवणाऱ्या बाईच्या घरी दुपारचे दोन तास मूल कुठे बसवायचं, हे कोणी सांगत नाही.

ताई, मी पंचवीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवते, म्हणून एक सांगते. ह्या वयाच्या मुलाला ७९९ वाचता येतं, पण ७९९ म्हणजे किती हे कळत नाही. पूर्वी कळायचं, कारण दुकानात नोट द्यायची, सुटे परत यायचे, ते मुठीत मावायचे. आता मूल आईला फक्त काचेवर बोट टेकवताना बघतं. वस्तू येते, आईच्या हातातून काहीच जात नाही. माझ्या वर्गात बाजार भरवला की अर्धी मुलं खोटा फोन काढून "टिंग" म्हणतात आणि भाजी घेऊन निघून जातात. मग मी त्यांना परत बोलावून कागदी नोटा मोजायला लावते. भारी गोंधळ होतो, पण दोन दिवसांत त्यांना समजतं.

तिला रागावू नका, हे तुम्ही ठरवलंच आहे. पण गप्पही बसू नका. गेलेले पैसे तिच्या ओळखीच्या वस्तूंत मोजून दाखवा. आणि पिन बदललात तर तिला सांगून बदला. नाहीतर पुढच्या वेळी "टाक गं पिन" म्हटल्यावर तिचा आकडा चुकेल आणि तिला वाटेल आईने माझ्यावरचा विश्वास काढून घेतला. तिच्याकडे काम होतं, ते काढून घेताय, तर दुसरं काहीतरी द्या.

---

विट्याची शिवणवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं वाचताना डोळे भरून आले. आता सविस्तर सांगते, म्हणजे माझ्यासारखी दुसरी कोणी वाचेल तिला उपयोग होईल.

कराडच्या दादांनी लिहिलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. तशीच उठून तीन अर्ज केले. जे झालं तेच लिहिलं, पिन मीच सांगितला होता हेही लिहिलं. दोन रकमा परत आल्या आहेत. तिसऱ्या अर्जाचं उत्तर यायचंय. त्या रकमेचे हिरे तिने बाहुलीच्या लेहंग्यावर वापरून टाकलेत, म्हणून कदाचित मिळणार नाहीत. चालेल. नवरीच्या आईला मी फोन करून सगळं सांगितलं आणि सामान दोन दिवस उशिरा आणेन म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं आमच्या नातवाने तर माझ्या फोनवरून अमेरिकेला फोन लावला होता."

ठशांमध्ये लेकीचा ठसा निघाला. मला आठवतही नव्हतं कधी घातला ते. यूपीआय लाईट चालू होतं, ते बंद केलं. ऑटोपेमध्ये एक ९९ रुपयांची वर्गणी सापडली, गाण्यांच्या कुठल्याशा ॲपची. चार महिने जात होती आणि मला पत्ताच नव्हता. पोस्टात खातं उघडायला बुधवारी जाणार आहे, आधार आणि पॅन काढून ठेवलंय.

ॲप पिन करायचं लगेच जमलं नाही, दोनदा माझाच फोन अडकून बसला. मग कळलं, दोन बटणं एकदम धरून ठेवायची असतात, ती मी सोडून देत होते. आता जमतं.

काल सगळी कामं आटोपल्यावर लेकीला जवळ घेतलं. तयार ब्लाउज दोरीवर टांगलेले होते. एका साध्या ब्लाउजची शिलाई मी ३५० घेते. तिला म्हटलं, तू हिऱ्यांना जेवढे पैसे दिलेस ना, तेवढ्यासाठी आई किती ब्लाउज शिवते बघ. एकेक हँगर काढून पलंगावर ठेवत गेले आणि ती मोजत गेली. पाचला तिचा आवाज बारीक झाला. सातवा ठेवला तेव्हा तिने त्याच्या हुकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे सगळे हूक तू हाताने लावलेस?"

हो म्हटलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिला सांगितलं की पिन आता बदलणार, आणि तो फक्त आईचा असेल. बाईंनी म्हटलं तसं दुसरं काम दिलंय. गिऱ्हाइकाचे पैसे आले की मोठ्या अक्षरात वहीत लिहायचं, नाव आणि रक्कम. आज सकाळी पहिली नोंद केली. अक्षर तिरपं आहे, ३५० मधला ५ उलटा काढलाय. खाली माझी सही घेतली आणि वही शिवणाच्या डब्यात ठेवून दिली.

धागेवाला आला तेव्हा मात्र हात कापडातच होते. त्याला म्हटलं, "थांब रे दोन मिनिटं, ही शिवण संपवते." थांबला तो.